दिल्ली वेशीतून आत

दिल्ली वेशीतून दिल्ली दिसत नाही.
दिसतो रसवंतीचा बंद चरक, एक बकरी,
आणि कमानीच्या सावलीत मोबाइलची काच पुसत
मीटर वाचणारा अंबादास खिराडे.
"चाला," म्हणाला, "मले अजून बावन घरं हायेत."

जुनं कारंजं मी त्याच्या पाठीमागून पाहिलं.
गल्ली त्याच्या खांद्यांएवढीच,
नालीवर फरशी, फरशीवर कोणाच्या तरी कुरड्या वाळत.
दर दाराशी तो फोटो काढी
आणि आकड्यावरून माणसं सांगे:
इथं सून आली, कूलर दोन झाले.
इथं म्हातारा एकटाच, टीव्हीसुद्धा लावत नाही.

या घराच्या चुन्यात म्हणे
कुण्या सावकारानं कस्तुरी कालवली होती.
मी भिंतीला नाक टेकवलं.
ओल. शेण. पलीकडून
तळणीच्या मिरचीचा ठसका.
"आला का वास?"
"नाही."
"उन्हानं भीत तापली का येते म्हन्ते माही माय.
तिनं तरी कुठं हुंगलं?
तिले तिच्या मायनं सांगतलं."

मग एक कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं.
दर महिन्याला अंबादास इथं तोच आकडा टिपतो,
पण कडी वाजवल्याशिवाय
पुढं जात नाही.
आम्ही थोडं थांबलो. कडी हलायची राहिली.

दारव्हा वेशीनं बाहेर पडलो तेव्हा
माझ्या नाकाच्या शेंड्याला चुना होता.
त्यानं हसत बोटानं पुसला,
गाडीला किक मारायच्या आधी
मी बघत नाही असं समजून
बोट हुंगलं.