थांबण्याचे कारण

रबाळ्याच्या एमआयडीसीत, नाल्याकडेच्या गाळ्यात
मी प्रॉडक्शनचं रजिस्टर भरते.
तारीख, पाळी, मशीन नंबर, नग किती, बाद किती,
आणि शेवटचा रकाना, सगळ्यांत अरुंद.
आखणाऱ्याला वाटलं असावं, इथे फारसं लिहावं लागणार नाही:
थांबण्याचे कारण.

आम्ही पंपाचे पितळी बुश बनवतो.
चांगल्या दिवशी एका पाळीत नऊशे चाळीस.
हा आकडा मला तोंडपाठ आहे
कारण तो फार वेळा भेटत नाही.

मंगळवारी वीज गेली दहा चाळीसला, आली साडेबाराला.
बुधवारी पितळेचा टेम्पो अडकला पुलाच्या कामापाशी.
तीन निवडणुका झाल्या, पाचवा खांब
डोक्यावर सळया पिंजारून तसाच उभा.
मी लिहिलं: माल आला नाही.
खांबाचं नाव कुठे लिहिणार एवढ्याशा चौकटीत?

गुरुवारी मंत्री आले.
आदल्या रात्री रस्त्याला डांबर लागलं, कमानीपासून मंडपापर्यंत.
आमच्या वळणावर ते असं संपलं
जसं बोलता बोलता समोरच्यानं फोन घ्यावा.
गाळ्यामागे दहा माणसं, असा निरोप होता.
शेठनी मशीन बंद केली, आम्ही खुर्च्या भरल्या.
टोपी मिळाली, पाण्याची बाटली मिळाली.
भाषणात ‘उत्पादकता’ हा शब्द
मी सवयीनं मोजला, चौदा वेळा आला.
अर्धी पाळी गेली, चारशे सत्तर नग.
हणमंत कोळेकरनं टोपीच्या आत पेनानं भागाकार केला
आणि माझ्यापुढे धरला:
‘बाई, शब्दाला साडेतेहतीस बुश पडले.’
मी हसले. मग टाळ्या वाजल्या, तर
मीही वाजवल्या.

एक वर्ष मात्र वेगळं होतं.
यमुना भोईर निवडून आली होती, आधी बालवाडी चालवायची.
हारतुरे नाहीत, मागे पोरं नाहीत,
दुपारी दोनला एकटीच गाळ्यात शिरली
आणि विचारलं, ‘वीज नेमकी कधी जाते?’
आजवर कुणी ‘नेमकी’ म्हटलं नव्हतं.
मी रजिस्टर पुढे केलं.
तिनं तीन महिन्यांचा शेवटचा रकाना उतरवून घेतला,
प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण करत,
पोरांची हजेरी घ्यावी तशी.
बाकीच्या गाळ्यांतही गेली म्हणे. अठ्ठावीस गाळे.
तो कागद घेऊन ती कुठकुठल्या दारात बसली, मला माहीत नाही.
दिवाळीआधी फीडर बदलला, एवढं माहीत आहे.

त्या वर्षी नऊशेच्या खाली आम्ही क्वचित आलो.
गोवर्धन निषादनं ओव्हरटाइमवर सेकंडहँड स्कूटर घेतली,
शेठनी चौथं लेथ.
कमानीला लटकवावं असं त्यात काही नव्हतं.
वीज होती, म्हणून ती दिसत नव्हती.

पुढच्या वेळी तिला तिकीट मिळालं नाही.
ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह: शिट्टी.
समोर ज्याचा फोटो प्रत्येक खांबावर, पाचव्यावरसुद्धा,
त्याच्या मेव्हण्यानं माझ्या मुलाची आयटीआयची सीट करून दिली होती.
ऐरोलीच्या शाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे
मी शिट्टीकडे पाहिलं. पाहिलं बराच वेळ.
बाहेरून शिपाई म्हणाला, ‘आवरा बाई.’
आवरलं.

काल रद्दीवाला आला, जुनी रजिस्टरं किलोवर गेली.
ते एक मी काढून ठेवलंय, पेन्सिलीच्या खुणांचं.
त्याच्या शेवटच्या पानावर तो दिवसही आहे, माझ्याच अक्षरात:
नग शून्य. बाद शून्य. थांबण्याचे कारण, मतदान, भरपगारी सुट्टी.

नग शून्य नव्हते.
काहीतरी बनवलंच होतं त्या दिवशी आम्ही, रांगा लावून.
त्यातलं बाद किती
हे लिहायचं राहून गेलंय.

थांबा. पंखा थांबला.
दहा चाळीस.