पीळ

बेळगावात, खासबागेच्या मागल्या गल्लीत,
साडेअकराला खालचे सहा माग थांबतात
तेव्हा माझा लॅपटॉप ऐकू येतो.
त्याच्या पंख्याला नागव्वाकाकू
‘सातवा माग’ म्हणतात.

आज बीज म्हणून घातलाय
मीटरवरचा आकडा : ४१७०९.
त्यातून दहा लाख टकरी उगवतील,
प्रोटॉनवर प्रोटॉन, सगळ्या खोट्या,
खऱ्याचा कल शोधायला.

मॉडेल साधं आहे. दोन क्वार्क लांब पळतात,
मधे सूत ताणलं जातं, तुटतं,
पण सुटं टोक कुणाच्याच हाती लागत नाही.
तुटल्या जागी नवी जोडी जन्मते
आणि तुकडे पुन्हा दोन्हीकडून बांधलेले.
(हे मी बाहेरगावी सांगते तेव्हा
लोक सीमेचा नकाशा काढतात.
मी फक्त पायॉनबद्दल बोलत असते.)

पायॉन जुळतात, अगदी ठिपक्यांवर.
पण केऑन, विचित्र क्वार्क पोटात घेतलेले,
गर्दीच्या टकरीत माझ्याकडे कमीच पडतात
जिनिव्हाच्या मोजणीपेक्षा.
तीन महिने एकच खुंटी पिरगाळतेय :
०.२१७, ०.२२, ०.२३…
गर्दीत बसवावं तर विरळात बिघडतं.

काकू बॉबिनची पाटी ठेवायला वर आल्या.
पडद्यावर सुतांचं चित्र होतं.
अक्षर न येणारं माणूस बघतं
तसं त्यांनी ते बघितलं, नीट.
“एवढी सुतं एका जागी,
आणि प्रत्येक आपलं एकटंच तुटतंय होय गे?
जवळ पडली की पीळ बसतोय की.
मग ताण वाढतोय.
आमच्यात तसलं तुटलं
तर धोटा उडून भिंतीला लागतोय.”

कोडात ती ओळ होती.
‘दोर : नाही’.
वेळ फार खातो म्हणून
गेल्या दिवाळीत मीच बंद केलेला.
‘हो’ केलं. बसून राहिले.
काकू पाटी विसरून गेल्या.

साडेपाचला केऑन वर सरकले होते,
सगळे नाही, पण ठिपक्यांच्या वाटेला लागलेले.
आणि प्रोटॉन, जे कालपर्यंत शहाणे होते,
ते बिघडले.

खाली पहिला माग खडखडला.
जिन्यातल्या मीटरवर ४१७११.
रात्रभराच्या विश्वाचे दोन युनिट,
त्यात फ्रिजही आला.
पाटी काकूंना देऊन आले
आणि तोच आकडा घातला,
नवं बीज.