पाचवा उद्गार

हळदीच्या सौद्यात दर कुणी बोलत नाही.
रुमालाखाली बोटं धरायची,
दाबायची, सोडायची,
चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही.
सांगलीत, मगदूम अण्णांच्या पेढीवर
चौदा वर्षं मी असाच.
हजेरीच्या वहीत शामराव.
घरी शमुवेल.

दर साली ऐन हंगामात तो शुक्रवार यायचा
आणि माझं पोट दुखायचं,
नाहीतर मेव्हण्याचा साखरपुडा निघायचा.
एकाच मेव्हण्याचे तीन साखरपुडे झाले,
अण्णांनी मोजले नाहीत, एवढंच.

यंदा पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार मला दिला,
तहानेचा.
मिरजेच्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, दहा मिनिटं.

"परवा सुट्टी पाहिजे."
"कशाला?"
मेव्हणा जिभेवर आलाच होता.
काट्याला पोतं तसंच लोंबत,
हमाल थांबलेले,
घशात हळदीची धूळ.
"उत्तम शुक्रवार आहे, अण्णा. मी ख्रिस्ती आहे.
देवळात बोलायचंय."

आवाज कसला, नुसता चिरका.
येशूचं नाव तर राहूनच गेलं,
ते मग घाईघाईनं, खोकल्यात घेतलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"हंगामात?" म्हणाले. "पगार कापीन."
"कापा."
मागं कोणीतरी हसलं.
का हसलं, विचारलं नाही.

सिदू हमालानं मात्र
न बोलता तांब्या सरकवला.
मी प्यालो, घटाघट,
हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत;
आणि शुक्रवारसाठी लिहून ठेवलेलं
पहिलंच वाक्य
आता खोडावं लागणार, असं वाटलं.