सख्खी बहीण, जुळी नाही

या पातेल्यावर नेलपॉलिशने लिहिलंय: जेवणाचं नाही.
तरी क्लॅरेन्स सुट्टीवर आला की
एकदा तरी त्यातच बटाटे उकडायला घेतो,
मी ओरडते,
आणि सुट्टी सुरू झाली हे दोघांनाही कळतं.

वीस दिवस तो अल्बर्टात, तेलाच्या वाळूवर,
आठ दिवस इथे, न्यूफाउंडलंडच्या धुक्यात.
ते वीस दिवस स्वयंपाकघर माझं.
चार शेगड्या, चार पातेली,
व्हिनेगरचा वास पडद्यांना, पावाला, कुत्र्यालासुद्धा.
न्हाणीघराच्या दांडीवर ओल्या लड्या
टपटपत असतात टबात,
आंघोळ करायची तर आधी त्यांची परवानगी.

पोस्टातली व्हर्ना माझी नखं बघून सांगते
या आठवड्यात काय विकायला आहे.
"लाल दिसतोय," म्हणते, आणि पाकीट काट्यावर ठेवते.
टपालखर्च पुन्हा वाढलाय.
लडीमागे मला चार डॉलर सुटतात,
तेही विजेचं बिल न धरता.
हा हिशेब मी क्लॅरेन्सला सांगत नाही.
तो काही बोलणार नाही,
फक्त आणखी एक वर्ष तिकडे काढेल.

रंगाला उकळी चालत नाही.
उकळलं की लोकर आकसते, तिचा नमदा होतो.
वाफ धरायची, बुडबुडा नाही.
मग नुसतं थांबायचं.
पाणी हळूहळू निवळत जातं,
शेवटी इतकं नितळ की चहाला घ्यावं,
आणि सगळा रंग लोकरीच्या पोटात.
अकरा वर्षं झाली,
अजून मी मधेच झाकण उचलून बघते,
घरात कुणी नसताना, चोरासारखी.

मंगळवारी सस्कॅचेवानहून पत्र आलं.
स्टेफानिया ह्रित्सक, अक्षर थोडं थरथरलेलं:
तुमच्या त्या राखाडी हिरव्याची एकच लडी हवी.
नवऱ्याचा स्वेटर, सगळा झाला, एक बाही राहिली.
तो आता खूप बारीक झालाय,
पण हात काही लहान होत नाहीत.

वही काढली. एकोणीस ऑक्टोबर.
निळा दोन चमचे, पिवळा पाऊण,
काळा चाकूच्या टोकावर मावेल एवढा.
आणि खाली पेन्सिलीने, माझंच अक्षर:
वादळानंतर. विहिरीचं पाणी तांबूस.

संपलंच की मग.
दलदलीतून झिरपून आलेलं ते पाणी,
त्यातलं लोखंड, कुजलेलं शेवाळ,
कुठून आणू? विहीर आता काचेसारखी.
तीनदा केला.
पहिला फार हिरवा, वाटाण्याच्या सुपासारखा.
दुसऱ्याबद्दल बोलायला नको.
तिसऱ्यात आल्फियसच्या मोडक्या होडीतला
गंजका खिळा टाकला,
आणि तो जवळ आला. जवळच फक्त.

तिला लिहिलं: ही सख्खी बहीण आहे, जुळी नाही.
झालेली बाही कोपरापर्यंत उसवा.
मग दोन ओळी जुन्या सुताच्या, दोन नव्या,
दोन जुन्या, दोन नव्या,
अशा दोन्ही बाह्या सारख्याच विणा.
फरक कळणार नाही.
कळलाच तर तुम्हालाच कळेल, विणणारीला.

पैसे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते.
व्हर्नाने विचारलं, "हे पाकीट एवढं घट्ट का धरलंयस?"

रात्री क्लॅरेन्सचा फोन. उद्या निघतोय.
"येताना काय आणू?"
म्हटलं, तिकडचं पाणी कसं आहे रे, रंगाला?
पलीकडे बराच वेळ यंत्रांचा आवाज.
"तेलकट," तो म्हणाला.

मी हसले. फोन कानाशी तसाच धरून
चौथ्या पातेल्याचं झाकण उचललं.
अजून निवळलं नव्हतं.