मान कधी धरली

रात्रीचे पावणेतीन. रास्ता पेठेतल्या इस्पितळाचं तळघर.
पडद्यावर रेवण कुदळेची मान
अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे काप करून
माझ्यापुढे मांडलेली.

वय एकतीस. माथाडी. मार्केट यार्ड, कांदा-बटाटा.
ट्रकच्या फाळक्यावरून पोत्यासकट खाली आला.
वरून दोनदा फोन येऊन गेला:
मॅडम, पहिला मणका तुटलाय ना? सरांना उठवू?
थांब, म्हटलं. चहा पी.

पहिला मणका म्हणजे धड मणकाही नव्हे.
त्याला खोड नाही, नुसतं कडं.
आख्खं डोकं त्याच्यावर टेकतं,
चुंबळीवर घागर टेकावी तसं.
म्हणजे रेवणला दोन चुंबळी:
एक डोक्यावर, पोत्याखाली, गोणपाटाची;
एक डोक्याखाली, हाडाची.

ही आतली मागून उघडी आहे.
बरोबर मध्यावर फट. चार मिलिमीटर.

मोडल्या हाडाची कड भाकरीसारखी,
कशीही तुटते, कण सांडतात.
हिची कड
कापडाची दुमडून टीप मारावी तशी
गोल, पांढरी, बंद.
भोवती सूज नाही, रक्त नाही.
खाली दुसरा न् तिसरा मणका एकमेकांत मिसळलेले,
मधली चकती धरलीच नाही कधी.

तुटलेलं नाही हे.
जुळलंच नव्हतं.

पुस्तकात याला अर्धं पान आहे.
अकरा वर्षांत मी हे दोनदा पाहिलं, एकदा चुकले.
त्या बाईच्या मानेत अजून दोन स्क्रू आहेत,
कारण नसताना.

म्हणून जिना चढून वर जाते.
रेवण छताकडे बघत पडलाय, गळ्यात कॉलर.
हाताला मुंग्या? नाही. पायात जोर? आहे.
केसांची रेघ मानेवर खूप खाली उतरलेली,
न्हाव्यालाच ठाऊक असेल इतके दिवस.
उशाशी आई, सोजरबाई, मांडीवर चपलांची पिशवी.
विचारते, लहानपणी यानं मान कधी धरली?

ती बघत राहते.
एकतीस वर्षांनी कुणी हे विचारतं का.
मग म्हणते, लई उशिरा, बाई. सात म्हैने लटलट.
आन् धरली ती अशी धरली
का हाक मारली तर अख्खा वळतोय, बैलगाडीवानी.
लोक म्हनत्यात ताठा हाय.
मुकादमानं एकडाव कानाखाली दिली,
मान खाली घालून बोल म्हनून.

रेवण छतालाच म्हणतो,
कशी घालनार? जातच न्हाई.

टोळीतला एक पोरगा मला दाराशी गाठतो.
बिल्ला खिशात, आवाज बारीक.
मॅडम, तुटली म्हणून लिहिलं तर
काहीतरी मिळेल त्याला. जन्माचं आहे म्हटलं,
तर आमच्याकडे कोण देणार?
मी म्हणते, पडला ते लिहीन. मार लागला ते लिहीन.
तो म्हणतो, आणि तुटली?
मी कडेचं सांगू लागते, दुमडलेल्या कापडाचं.
तो ऐकून घेतो. चांगला मुलगा आहे.

खाली येऊन टाइप करते.
फ्रॅक्चर नाही. जन्मजात दोष. एमआरआय करावा.
मग: मानेवर, डोक्यावर ओझे घेऊ नये.
खोडते.
पोत्यामागे किती रुपये मिळतात
ते मला माहीत नाही, विचारलंही नाही.
परत लिहिते, तेच वाक्य, तसंच.

साडेचारला पुन्हा वर.
यार्डात आता गाड्या लागल्या असतील,
तोलणार काटा पुसत असतील.
रेवण जागाच. तुटली न्हाई ना?
नाही.
मग सोमवारी जाऊ?

खुर्ची ओढून बसते, त्याला मी दिसावी अशी,
आणि सांगते. पहिल्यापासून. चुंबळीपासून.
त्याला मान हलवायची मनाई आहे.
कळलं का, विचारते.
तो डोळे मिटतो,
उघडतो.