मीठ माफ

ह्या गावाचं नाव सूर.
लागायला मला अकरा महिने लागले.

गुरुवारी रात्री क्वार्टर्सच्या गच्चीवर
फार्मसीतला बिनॉय चादर ताणतो.
खाडीवरचा वारा तिला पोट आणतो
आणि सिनेमातली माणसं
जरा गरोदर, जरा रोड होत राहतात.
मागे अय्जाचा दीपस्तंभ, आपल्याच नादात.

काल त्यात एक वैद्य होता. नाव नाही.
उन्हातून येतो, उंबऱ्याशी चपला काढतो,
आजाऱ्याच्या पाठीला कान लावतो,
भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तसा.
मग डावीकडून उजेड, खालून सारंगी,
आणि मुलगी उठून पाणी मागते.
सगळेच उठतात. एकही जण मरत नाही.
शेवटी तो वाळूतून चालत जातो
आणि पावलं उमटत नाहीत.
मारिसेल रडली. बिनॉय म्हणाला, देवदूत.
मी म्हटलं, छे, हा आमचा सोनकू तांडेल.

म्हटलं खरं,
आणि मग रात्रभर जुळवत बसले.

सोनकूबद्दल सांगणारे पुष्कळ, कागद एकच.
मोडी वाचणाऱ्या आडिवरेकर मास्तरांनी दाखवलेला,
वाळवीने खालून खाल्लेला:
'सोनकू तांडेल आजारी खलाशांपाशी बसतो,
सबब मीठ माफ.'
बसतो.
बरे करतो, असं लिहिलेलं नाही.
कारकुनाने शब्द तोलून घातला असणार,
सरकारी मीठ होतं ते.

सांगणारे सांगतात,
मस्कतेहून परतलेल्या गलबतांवर तो चढायचा,
तापाने फणफणलेल्याला विचारायचा,
तुझ्या घरी पाण्याला जायची वाट कुठून?
माणूस सांगत जायचा:
फणसाखालून, मग डावीकडे,
पुढचा दगड निसरडा आहे, सांभाळ.
काही जण पाण्यापर्यंत पोचायचे.
काही त्या दगडावरच थांबायचे.
त्यांना तो खांद्यावर घेऊन वाळूत उतरायचा
आणि त्याची पावलं उमटायची,
दोघांच्या वजनाने खोल.

सिनेमावाल्याला हे ठाऊक नसणार.
असतं तरी गाळलं असतं;
दीड तासात किती मेलेले मावणार.

आज सकाळी गलबतांच्या कारखान्यातून
मुज्जमिल हाउलादार आला, बारिसालचा.
सागवानाची फळी छातीवर पडलेली.
मी एक्स-रेवाली. माझ्यापाशी औषध नाही,
हात लावायचा तो माणूस सरळ उभा करण्यापुरता.
माझं काम तीन शब्दांचं,
घ्या, रोखा, सोडा;
अरबीत, हिंदीत, मोडक्या बंगालीत.

त्याला रोखता येईना.
घेतला की कळ, कळ की खोकला.
चौथ्यांदा मी काचेमागून बाहेर आले
आणि कुणास ठाऊक कसं, विचारून बसले:
तुझ्या घरी पाण्याला जायची वाट कुठून?

तो बघत राहिला. मग म्हणाला,
दीदी, आमच्याकडे वाट कसली,
पाणीच घरी येतं.

आणि हसला. हसताना दुखलं.
दुखलं तसा श्वास अर्ध्यावर अडकला,
आणि मी धावत जाऊन बटण दाबलं.

तीन बरगड्या. त्यातली एक वाईट.
पुढचं डॉक्टर बघतील.
उजेड कुठूनच आला नाही,
तो काळ्या फिल्मवर आधीच पडून गेला होता.
चाकाची खुर्ची ढकलत नेली
तर फरशीवर त्याच्या बुटांची ओली वाळू,
दारापर्यंत.

दुपारी डब्यातलं वरण अळणी निघालं.
मारिसेलने मिठाची बाटली सरकवली, विचारलं,
तुझ्या त्या तांडेलाचं पुढे काय झालं?

म्हटलं, माहीत नाही.
कागद तिथेच संपतो.
वाळवी.