मी उलटं वाचतो

कोर्टाने विचारलं, हे पुस्तक तुम्ही जुळवलंत?
म्हणालो, हो. ओळ न ओळ.
म्हणजे वाचलं असेलच.
आता काय सांगू. भद्रकालीत गायधनींच्या प्रेसवर
एकोणीस वर्षं खिळे जुळवतोय.
जुळाऱ्याला अक्षर दिसतं ते आरशातलं,
शिशाचं, थंड, उलटं.

अठ्ठेचाळीस पानं, किंमत पंचाहत्तर पैसे.
लिहिणाऱ्या रूथबाई साळवे, शरणपूरच्या नर्स.
पेठ, सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे पायी.
कुठे बाई अडली, कुठे मूल आडवं.
सुईणींना कळावं म्हणून लिहिलेलं
आणि कळावं म्हणूनच
पाड्यावर जो शब्द आहे तोच घातलेला.

मालकांनी प्रुफावर लाल पेन्सिलीने गोल केले :
इथे संस्कृत घाला.
रूथबाई म्हणाल्या, कळा काही संस्कृतात येत नाहीत.
मग टिंबं घाला.
मी टिंबं लावायला बसलो. एका पानात त्रेचाळीस.
चौथ्या पानाला टिंबांचा खण रिकामा.
इतकं झाकायला पुरेल एवढं शिसंच नव्हतं आमच्याकडे,
म्हणून शब्द राहिले.
धैर्यबिर्य काही नाही, साहेब.

हवालदार पगारेंना पान एकोणीस मोठ्याने वाचायला लावलं.
आडदांड माणूस, शिवी दिल्याशिवाय पाणी मागत नाही,
तो त्या शब्दापाशी आला
आणि अडला.
घाम पुसला. टोपी सारखी केली.
सगळं कोर्ट त्याच्या ओठांकडे बघत राहिलं
आणि मला वाटलं,
पुस्तकात नव्हतं असं काहीतरी
आत्ता, या खोलीत, तयार होतंय.

सरकारी वकील बेलसरे म्हणाले,
हे आयाबहिणींच्या हाती पडलं तर?
मागच्या बाकावर सुरगाण्याच्या चार सुईणी.
एक उठून म्हणाली, पडलं ना. म्हणून तर आलो.
तिला खाली बसवलं.

मग व्याख्या. जाडं पुस्तक उघडलं.
मन चाळवेल ते.
कोणाचं मन?
साधारण माणसाचं.
हा साधारण माणूस कुठल्या आळीत राहतो
ते कोणी सांगेना.

रामकुंडावर पहाटे बाया पदर दातात धरून
ओलं लुगडं बदलतात, गाव शेजारून देवळात जातं.
मागच्या कुंभात राख फासलेले नागवे साधू आले,
तेव्हा दोर धरून वाट करून देत होते
हेच पगारे.
आणि गावाचं नाव तरी कशावरून पडलं म्हणतात?
एका बाईने मनातलं बोलून दाखवलं, तिचं नाक गेलं.
पाकिटावर पत्ता टाकताना
आपण रोज तेच लिहितो.
हे सगळं आत्ता सुचतंय. तिथे नाही सुचलं.

जुळवताना तुमच्या मनात काय आलं?
पिंजऱ्याच्या लाकडाला धरून उभा होतो.
हात एकदाच थांबला होता, पान एकतीसला,
जिथे लाल गोल नव्हता :
नाळ कापायचं पातं आधी उकळून घ्यावं,
पाणी नसेल तर जाळावर धरावं.
आमची पहिली नवव्या दिवशी गेली. धनुर्वात.
पातं कुणी उकळलं नव्हतं.
एवढी एक ओळ तेव्हा
कुठेच छापलेली नव्हती.

म्हणालो, काही नाही आलं, साहेब.
उलटं होतं सगळं.

फर्मा मोडायचा हुकूम झाला.
पगारे पोतं घेऊन प्रेसवर आले,
हळूच विचारलं, यातले गुन्हेगार खिळे कुठले?
मी केस दाखवली. एकेका खणात एकेक अक्षर,
काने वेगळे, वेलांट्या वेगळ्या.
ते बराच वेळ वाकून बघत होते.
चहा घेऊन गेले, पोतं रिकामंच.
दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरांत
रथोत्सवाची पत्रकं काढली, पाचशे प्रती.

पान एकतीस मात्र सोडवलेलं नाही.
सुतळीने बांधून टिंबांच्या खणाखाली ठेवलंय.
कोणी विचारलंच तर सांगेन,
कुणाची तरी लग्नपत्रिका आहे,
न्यायला अजून आले नाहीत.